काळे मणी कोणी कापायचे

जुन्या वस्तूंचा मला कसलाही कळवळा नाही. आमच्या सोसायटीतल्या मुली येतात, मी केलेली पिशवी हातात घेतात आणि म्हणतात, "आजी, तुम्ही जुन्या गोष्टींना नवीन लाइफ देता." मी काही देत नाही. नव्या काठाची जर दोन दिवाळ्यांत काळी पडते, जुन्या काठाची पडत नाही. जुन्या कोटाचं पितळी बटण दगडावर आपटलं तरी फुटत नाही. म्हणून मी जुनं आणते. त्यात प्रेमबिम काही नाही.

रविवारी किंवा बुधवारी मी वाघोलीहून बस पकडते आणि जुन्या बाजारात जाते. तिथे रस्त्याच्या कडेने चादरी पसरलेल्या असतात. बंद पडलेली घड्याळं, बिनकिल्लीची कुलुपं, दांडी तुटलेले चष्मे, कोणाच्या तरी लग्नातले फोटो फ्रेमसकट. बोहारणींनी भांड्यांवर घेतलेल्या साड्यांपैकी ज्या विरल्या असतात, त्यांचे काठ फाडून वेगळे विकायला येतात. मी काठ घेते, बटणं घेते, घड्याळाची चाकं घेते. काठाच्या पोटल्या होतात, बटणांच्या केसाला लावायच्या पिना होतात, चाकांचे कानातले होतात. कोणाचा वाढदिवस असला, बारसं असलं की माझ्याकडे मागणी येते. बसून खाण्यापेक्षा बरं, म्हणून करते.

हातांना सवय आहे. मी चौथीपर्यंत शिकले आणि त्यानंतर मंडईजवळच्या एका बोळात दुकानाच्या पायरीवर बसून मंगळसूत्रं गाठवायला लागले. गिऱ्हाईक वाट्या आणि काळे मणी घेऊन यायचं, मी मेण लावलेल्या दोऱ्यात ते ओवून गाठ मारून द्यायची. लग्नानंतरही तेच काम केलं. नवरा रिक्षा चालवायचा. तो गेला त्या दिवशी नणंदेने माझ्या गळ्यातली पोत ओढून तोडली. सोन्याच्या वाट्या कोणीतरी लगेच उचलून डब्यात ठेवल्या. मणी केराबरोबर गेले.

महिन्याने मी दुकानात परत गेले तर मालकाने माझा पाट पायरीवरून उचलून आतल्या खोलीत नेला होता. "बाई, तुम्ही इथेच बसा. काम बंद नाही तुमचं," तो म्हणाला. विधवा मंगळसूत्र गाठवते आहे हे गिऱ्हाइकाला दिसू नये एवढीच त्याची काळजी. हात तेच, मणी तेच, दोरा तोच, मध्ये फक्त एक भिंत. त्या भिंतीमागे बसून मी अख्ख्या पुण्याच्या सवाष्णींची मंगळसूत्रं गाठवली आणि एकाही सवाष्णीला काही झालं नाही. पुढे मालकाच्या मुलाने तिथे मोबाइलची कव्हरं लावली. मी मुलाकडे वाघोलीला आले. ती भिंत मात्र डोक्यातून गेली नाही. मला जायला नकोच होती.

माझी सून यवतमाळकडची. इथल्या एका कंपनीत नोकरी करते. कामाला चांगली आहे, बोलते भरभर आणि तिच्या पद्धतीने. ती "काहून" म्हणाली की सोसायटीतल्या काही बायका एकमेकींकडे बघून हसतात. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बघायला त्यांनी तिला सांगितलं, तेव्हा तिला स्वर्ग दोन बोटं उरला. वाण काय द्यायचं यावर ग्रुपवर आठवडाभर वाद झाला. प्लॅस्टिकचे डबे नकोत, स्टीलचे चमचे गेल्या वर्षी झाले. सुनेने लिहून टाकलं, आमच्या आई जुन्या काठाच्या पोटल्या करतात, त्या देऊ. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. मग ती मला विचारायला आली.

"आई, करून द्यान न तुम्ही?"

"आधी विचारायचं असतं."

"आता विचारून राहिली न."

मी केल्या. महिना सगळा त्यातच गेला. काठ उभा लावून मशिनवर पोटली शिवायची, तोंडाशी घडी घालून त्यातून दोरा ओवायचा, दोऱ्याच्या दोन्ही टोकांना जड काहीतरी लागतं, नाहीतर दोरा घडीत शिरून निसटतो आणि पोटली उघडीच राहते. जुन्या बाजारात एक बाई पत्र्याच्या डब्यात काळे मणी घेऊन बसली होती. बारीक, एकसारखे, पोतीचे मणी.

"घ्या मावशे. आता असले येत न्हाईत. काचंचे हायत, पलास्टिक न्हाई."

"कुठून आणलेस?"

"भंगारात आले. तुमाला मणी पायजे का मण्याची पत्रिका?"

मी ओंजळीने घेतले. घरी सोड्याच्या पाण्यात उकळले, वाळवले, आणि प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला घोस ओवून गाठ मारली. मेण लावलेल्या दोऱ्याची माझी गाठ सुटत नाही. काढायचीच असेल तर कापावी लागते. संक्रांतीला काळं चांगलं, हेही माझ्या डोक्यात होतं. सगळ्याजणी त्या दिवशी हौसेने काळ्या साड्या नेसतात, त्यावर काळे मणी शोभतील असं मला वाटलं. माझं चुकलं ते एवढंच.

हळदीकुंकू संध्याकाळी होतं. त्या दिवशी सकाळीच आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या मॅडम आल्या. त्या शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. पेठेतलं घर गेल्यावर इकडे आल्या, पण बोलताना अजून "आमच्या पेठेत" असंच म्हणतात. माझ्याहून फार तर चार-पाच वर्षांनी लहान असतील, तरी मला आजी म्हणतात. त्यांचे यजमान सकाळी खाली चक्कर मारतात आणि माळ्याला झाडं कशी लावायची ते शिकवतात.

मॅडमनी एक पोटली उचलून बघितली.

"वा! काय सुबक काम आहे हो आपलं. आणि हे मणी अगदी जुन्या पद्धतीचे. तुळशीबागेतले का?"

"जुन्या बाजारातले."

"म्हणजे, वापरलेले?"

"मग जुन्या बाजारात काय नवे मिळतात?"

पाल अंगावर पडावी तशी त्यांनी पोटली खाली टाकली.

"आजी, अहो, हे कोणाच्या गळ्यातले आहेत हे आपल्याला ठाऊक आहे का?"

"नाही."

"एखादीचा नवरा गेला असेल, तिच्या गळ्यातून काढलेले असतील."

"एखादीची पोत जुनी झाली असेल. एखादी सवाष्ण म्हणून गेली असेल. मण्यावर लिहिलेलं नसतं."

"तेच म्हणते मी. लिहिलेलं नसतं, म्हणूनच नको." आणि दारापर्यंत जाऊन वळून म्हणाल्या, "पोटल्या सुंदरच आहेत हं. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घ्यायला मला वेळ नव्हता. मी भाकरी टाकत होते. तेवढ्यात सुनेचा फोन वाजायला लागला आणि वाजतच राहिला. दुपारी ती माझ्या खोलीत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"आई, लय बोलून राहिल्या बाया ग्रुपवर. शुभ कामात असले मणी काहून आणले म्हणते. मणी तेवढे कापून टाका, बाकी पोटल्या छान आहेत म्हणते."

"मणी शोभेला लावलेले नाहीत. कापले की दोरा निसटेल."

"मी पांढरे आणते न दुसरे. आत्ता जाते गाडीवर. तुम्ही तोवर कापून ठेवा."

"पांढरे तू आण. कापायचं तूच काप. कात्री तिथे मशिनवर आहे."

ती म्हणाली, "बरं." कात्री उचलली. एक पोटली मांडीवर घेतली, मण्यांचा घोस बोटांत धरला, कात्रीचं तोंड उघडलं. आणि तशीच बसून राहिली. मग कात्री खाली ठेवली.

"माझ्या हातून नाही होत, आई."

"का? धार आहे कात्रीला."

तिचा हात गळ्याशी गेला. तिचं मंगळसूत्र इतकं बारीक आहे की त्यात मणी शोधावे लागतात, पण हात गेला. मग हळूच म्हणाली, "मॅडमही तेच म्हणाल्या. आजींना कापायला सांगा. आम्ही सवाष्णी, काळे मणी आम्ही कसे कापायचे?"

तोवर मी चिडलेली होते, पण ती चीड रोजची होती, भाजीवाल्यावर चिडतो तशी. हे ऐकल्यावर माझे कान तापले. म्हणजे पोटल्या मी केल्या म्हणून मणी मी कापायचे असं नव्हतं. माझा नवरा मेलेला आहे म्हणून मी कापायचे. वापरलेल्या मण्यांनी त्यांच्या नवऱ्यांना धोका, मणी कापले तर त्याहून मोठा धोका, आणि या दोन्ही धोक्यांतून सोडवायला विधवा लागते. मालकाने मला भिंतीमागे बसवलं होतं तेव्हा मी निदान मंगळसूत्र गाठवत तरी होते. यांना मी तोडायला हवी होते.

"तुझा नवरा कोण आहे?" मी सुनेला विचारलं.

"आई, असं काय करता..."

"माझा मुलगा आहे. तू कापलेस तर त्याच्या जिवाला काहीतरी होणार, आणि त्याच्या आईने कापले तर होणार नाही. हे कुठल्या शाळेत शिकवतात? मॅडमच्या? मी चौथीच शिकले, आमच्या पुस्तकात नव्हतं."

माझा आवाज चढलेला ऐकून मुलगा बाहेर आला. कानाला ते हेडफोन, घरूनच काम चाललेलं.

"आई, कापून टाक ना. कशाला विषय वाढवतेस?"

"तू काप. पुरुषाने कापले तर काय होतं तेही विचार ग्रुपवर."

तो आत गेला आणि दार लावून घेतलं. मीटिंग होती म्हणे. कापायची वेळ आली की पुरुषांची मीटिंग असतेच.

सून पलंगाच्या कडेला बसून होती. "आई, पहिल्यांदा त्यांनी मला काही करायला दिलं. माझ्या बोलण्याला हसतात त्या, तुम्हाला माहीत आहे. आज वाण नसलं तर पुढच्या वर्षी कोणी विचारणार नाही मला."

"वाण आहे. समोर पडलंय."

"मण्यांसकट?"

"मण्यांसकट. मी एकही मणी कापणार नाही. त्यांना नको असतील तर त्यांनी कापावेत. तुला त्यांच्यासमोर जायची लाज वाटत असेल तर पोटल्या मी नेते."

ती उठून गेली. माझ्यावर रागावलीच होती ती, आणि तिने रागवावं. तिला मी अडचणीत आणलं होतं, हे मला कळत होतं. पण तिची अडचण सोडवायला मी माझा हात त्यांना देणार नव्हते. संध्याकाळी बघितलं तर मशिनवर पांढऱ्या मण्यांची पुडी होती आणि पोटल्यांची पेटी नव्हती. तिने पेटी तशीच खाली नेली होती.

हळदीकुंकवाला मी एरवी जात नाही. कोणी येऊ नका म्हणत नाही. नंतर एका डिशमध्ये तिळगूळ आणि ढोकळा झाकून वर येतो, "आजींसाठी". ही त्यांची पद्धत. त्या दिवशी मी धुवट पातळ नेसले, मशिनवरची शिंप्याची मोठी कात्री घेतली आणि खाली हॉलमध्ये गेले. सगळा हॉल काळा झाला होता. काळ्या साड्या, काळे ड्रेस, काळे खडे. टेबलावर हळदीकुंकवाचं तबक होतं, तिळगुळाचं ताट होतं, आणि पेटी टेबलाखाली सरकवलेली होती. सून तबक धरून उभी होती आणि वाणाचं नाव कोणी काढत नव्हतं.

मी पेटी वर घेतली. पोटल्या टेबलावर मांडल्या. तबक आणि ताट यांच्या मध्ये कात्री ठेवली.

"मणी जुने आहेत," मी म्हटलं. "उकळून घेतलेत. ज्यांना चालतात त्यांनी घ्या. ज्यांना चालत नाहीत त्यांनी आपल्या हाताने कापून घ्या, मग पोटली न्या. कापल्यावर दोरा निसटेल, ते ज्याचं त्याने बघायचं."

मागे कोणाचं तरी पोर "मम्मा, मला लाडू" म्हणत होतं. मॅडम पुढे आल्या. माझ्याशी बोलल्याच नाहीत, सुनेशी बोलल्या.

"आपल्या सासूबाईंना जरा समजवा बाई. कार्याच्या जागी कात्री ठेवतात का कोणी?"

मला वाटलं सून आता रडणार किंवा कात्री उचलून नेणार. तिने तबक खाली ठेवलं.

"मी नाही समजवत त्यांना," ती म्हणाली. "तुम्हाला मणी नाही पाहिजे न, मॅडम? मग कापा न. काहून थांबल्या? महिनाभर रोज बसून राहिल्या माझ्या आई, तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. आता कापायलाही त्याच पाहिजेत?"

"आम्ही कसे कापणार? आपण तरी कापाल का?"

"मी नाही कापले. घाबरली मी, खरं सांगते. पण मग दुसऱ्याला कापायला लावायचं नाही न, बापा."

सुनेच्या "बापा"ला त्या दिवशी कोणी हसलं नाही. तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी पुढे आली, पोटली उचलली, घोस हलवून बघितला आणि म्हणाली, "मला तर मणीच आवडलेत." ती गेली की मागून दुसरी आली. मग रांग लागली. कात्रीला कोणी हात लावला नाही. उलट तिला साडी लागू नये म्हणून निऱ्या सावरून सगळ्या लांबून वळत होत्या, निखारा ठेवल्यासारख्या. शेवटी मॅडमही आल्या. सवाष्णीने दिलेलं वाण नाकारणं हेही अशुभच, त्यामुळे त्यांची दोन्हीकडून पंचाईत. त्यांनी पदर पुढे केला, सुनेने त्यात पोटली टाकली. पदर पुढे केला तो रीत म्हणून की हात लागू नये म्हणून, ते त्यांचं त्यांना माहीत.

मला कोणी कुंकू लावलं नाही. मी मागितलंही नाही. कुंकवाचं मला काही पडलेलं नाही. मी खुर्चीत बसून दोन तिळगूळ खाल्ले आणि कात्री घेऊन वर आले. घरी सून माझ्याशी बोलली नाही. मीही बोलले नाही. जेवताना तिने मला न विचारता जास्तीची भाजी वाढली, ती मी खाल्ली.

गोष्ट इथे संपली असती तर मी एवढं लिहिलं नसतं. सोमवारी आमच्याकडे कचरा नेणारी बाई दारात आली. कोरडा कचरा निवडताना तिला सापडलेल्या पोटल्या तिने परातीत घालून आणल्या होत्या.

"आजी, ह्या तुमच्या न्हाईत का? टाकल्यात कोणी कोणी."

चांगल्या परातभर होत्या. काहींना चहाचा चोथा लागला होता. मी एकेक उचलून बघितली. प्रत्येकीचं तोंड आवळलेलं, घोस जागच्या जागी, गाठी शाबूत. एकीनेही मणी कापले नव्हते. कापायला घाबरल्या, ठेवायला घाबरल्या, आणि सगळ्यांसमोर नाही म्हणायलाही घाबरल्या. पदरात घेऊन वर नेल्या आणि दार लावून कचऱ्यात टाकल्या. त्या दिवशी हॉलमध्ये एखादीने कात्री उचलून कचाकच मणी कापले असते ना, तर मी तिला मानलं असतं. तिचं म्हणणं मला पटलं नसतं, पण तिने ते स्वतःच्या हाताने केलं असतं.

कचरा नेणाऱ्या बाईने त्यातली एक बोटाने वेगळी केली. "ही मी घेऊ?"

"मणी वापरलेले आहेत. चालतील का?"

"आवो आजी, साडी वापरलेली, चपला वापरलेल्या, आन् मण्यांनी काय घोडं मारलंय?" तिने पोटली कमरेला खोचली आणि गेली.

उरलेल्या मी धुतल्या, वाळवल्या आणि आमच्या बाहेरच्या दाराच्या कडीला एकीखाली एक टांगल्या. मॅडमचं दार बरोबर समोर आहे. त्यांना दूध घ्यायला दार उघडावंच लागतं.

संध्याकाळी सून कामावरून आली. कडीकडे बघत जिन्यातच थांबली.

"आई, काढा न त्या. बरं नाही दिसत."

मी आतूनच म्हटलं, "कात्री मशिनवर आहे."

तिने चप्पल काढली, समोरच्या दाराकडे एकदा बघितलं आणि आत आली. पोटल्या अजून तिथेच आहेत.